नाईक यशवंत घाडगे, व्ही. सी.

दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले. त्यांपैकी नामदेव जाधव लढाईतून सुखरूप परतले आणि 1984 पर्यंत हयात होते. दुसरे मानकरी नाईक यशवंत घाडगे मात्र इटलीतून परतलेच नाहीत. बेळगावात या पलटणीचे केंद्र 1922 पासून आहे. मराठी बोलणारी आणि कानडी बोलणारी कितीतरी मुले तेथून शिपाई होऊन बाहेर पडली. तरीही महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या कानांवर हे नाव आले असेल, याची शंकाच आहे.

यशवंत घाडगे यांचा जन्म 16 नोव्हेंबर 1921 रोजी माणगाव तालुक्यातील पळसगाव येथे झाला. तेव्हाचा कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड. पावसाळ्यात एक भाताचे पीक, आणि एरवी घर चालवायचे ते मुंबईच्या गिरणीवर नाहीतर पलटणीच्या पगारावर, अशी त्या डोंगराळ भागाची जुनी रीत. यशवंत पलटणीत गेले. तिसऱ्या बटालियनमध्ये ते नाईकाच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. म्हणजे आठ-दहा जवानांच्या सेक्शनची जबाबदारी विशीतल्या या तरुणावर आली.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. 1942 साली देशात ‘चले जाव’ची चळवळ पेटलेली असताना आपली माणसे इंग्रजांच्या बाजूने लढत होती. त्या युद्धात सुमारे पंचवीस लाख भारतीय सैन्यात होते आणि ते सारे स्वखुशीने भरती झालेले होते. त्यांतल्या कित्येकांची ती खुशी पोटासाठी होती, हे उघड आहे. पण लढाई कोणी पुकारली याचा जाब खंदकातल्या शिपायाला विचारणे मला न्याय्य वाटत नाही. शिवाय समोर हिटलरचे सैन्य होते, हेही विसरून चालणार नाही.

4 जून 1944 रोजी रोम दोस्तांच्या हाती आले. जर्मन सैन्य उत्तरेकडे हटू लागले, पण ते पळत नव्हते. मागे पक्की तटबंदी पुरी होईपर्यंत वेळ मिळावा म्हणून प्रत्येक टेकडीवर मशीनगन रोवून ते वाट अडवीत होते. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्याशी झुंजणाऱ्यांत दहावी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यातच घाडगे यांची बटालियन. डिव्हिजनचे सेनापती जनरल रीड यांनी 1941 साली एरिट्रियात केरेनच्या लढाईत हीच बटालियन चालविली होती. त्यामुळे मराठ्यांचे पाणी त्यांना चांगले ठाऊक होते.

10 जुलै 1944. मोंतोने गावाच्या परिसरात मोर्लुपो येथे शत्रूच्या भक्कम ठाण्यावर मराठ्यांच्या एका कंपनीने हल्ला चढविला. घाडगे यांचा सेक्शन पुढे सरकत असतानाच अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. क्षणार्धात सगळा सेक्शन कोसळला. कोणी ठार, कोणी जखमी. उभे राहिले ते एकटे घाडगे. अशा वेळी एखाद्या दगडाआड पडून मागच्या कुमकेची वाट पाहिली असती तरी त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पण ती मशीनगन चालू राहिली असती, आणि मागून येणाऱ्यांचीही हीच गत झाली असती.

आपल्याबरोबर आता कोणी नाही हे माहीत असूनही घाडगे सरळ त्या मोर्च्यावर धावले. आधी हातबॉम्ब फेकला. त्याने मशीनगन आणि ती चालविणारा दोन्ही गारद झाले. मग टॉमीगनने त्यांनी आणखी एकाला टिपले. अजून दोघे उरले होते आणि मॅगझिन बदलायला सवड नव्हती. तेव्हा त्यांनी बंदूक नळीकडून धरली, दांडक्यासारखी फिरविली आणि त्या दोघांनाही लोळविले. मोर्चा हाती आला. एवढ्यात लपून बसलेल्या शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्च्यातच त्यांनी प्राण सोडला. त्यांना तेविसावे वर्ष चालू होते.

2 नोव्हेंबर 1944 रोजी व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. तेवीस वर्षे पुरी व्हायला तेव्हा दोन आठवडे उरले असते. 1945 मध्ये दिल्लीत व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी ते पदक त्यांच्या पत्नीच्या हाती दिले. इटलीच्या रणांगणावर भारतीय सैन्यातील सहा जणांना हा सन्मान मिळाला, त्यांतले ते एक.

इटलीतील कासिनो येथे, ज्यांच्या समाधीचा ठावठिकाणा नाही अशा सैनिकांच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे. माणगावला तहसील कचेरीच्या आवारात त्यांचा पुतळा आहे. आणि 2023 च्या जुलै महिन्यात, एकोणऐंशी वर्षांनंतर, मोंतोनेच्या गावकऱ्यांनी त्यांच्या नावाने आपल्या गावात एक सूर्यघड्याळ उभारले.