विद्येची वाट बांधणारा राजा

नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे काशीराव गायकवाड नावाचे गृहस्थ शेती करून राहत असत. बडोद्याच्या राजघराण्याशी त्यांचे दूरचे नाते होते. परंतु त्या नात्यामुळे घरात ना धन आले होते, ना मानमरातब. १८६३ च्या मार्च महिन्यात काशीरावांना दुसरा मुलगा झाला. त्याचे नाव गोपाळ. खेड्यातील इतर मुलांप्रमाणे गोपाळ शेतात राबे, गुराढोरांमागे हिंडे. बारा वर्षांचा झाला तरी त्याची आणि अक्षरांची ओळख झालेली नव्हती. त्या काळी हजारो शेतकऱ्यांच्या मुलांची हीच कथा होती, आणि गोपाळचे आयुष्यही बहुधा तसेच सरले असते.

परंतु बडोद्यास वेगळेच घडत होते. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हारराव महाराजांना गादीवरून दूर केले. पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, आणि गायकवाड कुळातील मुलांचा शोध सुरू झाला. काशीरावांच्या घरची मुले बडोद्यास नेण्यात आली. तुम्ही येथे कशासाठी आलात, असे मुलांना विचारले असता इतर मुले गोंधळली; गोपाळने मात्र आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत असे निःशंकपणे सांगितले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, जमनाबाईंनी निवड केली ती गोपाळचीच. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले, आणि कवळाण्याचा गोपाळ सयाजीराव गायकवाड या नावाने बडोद्याच्या गादीवर बसला.

राजा झाला, पण अक्षर येत नव्हते! एखाद्या लाडावलेल्या राजपुत्राने अशा वेळी अभ्यासाचा कंटाळा केला असता, तर त्याला कोणी फारसे बोललेही नसते. सयाजीरावांनी तसे केले नाही. एलियट नावाच्या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली राजवाड्यात शाळा सुरू झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी या चार भाषा, गणित, इतिहास, भूगोल, व्यायाम असा भरगच्च कार्यक्रम दिवसभर चाले. समवयस्क राजकुमारांनी जे पाचव्या-सहाव्या वर्षी आरंभिले होते, ते या मुलाला बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून गिरवावे लागले. दिवाण राजा सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर त्यांना व्याख्याने दिली. पुढे महाराजांनी शिक्षणासाठी जे केले, त्याचे मूळ या सहा वर्षांच्या कष्टांत शोधावे लागेल. विद्या मिळण्यापूर्वीचे आयुष्य आणि मिळाल्यानंतरचे आयुष्य, या दोहोंतील अंतर त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. स्वतः भोगलेले होते.

२८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. राज्य सुमारे आठ हजार चौरस मैलांचे, परंतु एकसंध नव्हे. बडोदा, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार तुकडे गुजरातेत व काठेवाडात विखुरलेले. मध्ये इंग्रजांचा आणि इतर संस्थानांचा मुलूख. प्रजा बहुतेक शेतकरी आणि कारागीर. त्याच वर्षी बडोद्यात महाविद्यालय सुरू झाले होते. त्याच्या पायाचा दगड माधवरावांच्या कारकिर्दीत १८७९ मध्ये बसला होता. चिझम नावाच्या शिल्पकाराने आखलेली भव्य घुमटाची ती इमारत पाहून पाहुणे थक्क होत. पण त्या घुमटाखाली बसून शिकणार कोण? शहरातील सरदारांची, अधिकाऱ्यांची आणि धनिकांची मुले. अमरेलीच्या शेतकऱ्याचा मुलगा तेथवर येणार कसा? त्याच्या गावी प्राथमिक शाळासुद्धा नव्हती.

हा प्रश्न महाराजांच्या चटकन ध्यानात आला, हीच त्यांची खरी थोरवी. कळस आधी आणि पाया मागून अशी ती स्थिती होती. महाविद्यालय बंद करणे हा काही उपाय नव्हे. त्याच्या दारापर्यंत प्रत्येक गावातून वाट बांधत आणणे हा उपाय होता. हे काम दोन-चार वर्षांत उरकणारे नव्हते. महाराजांनी ते सत्तावन्न वर्षे चालविले.

आरंभ सर्वांत अवघड ठिकाणापासून झाला. १८८२ च्या सुमारास, त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांसाठी त्यांनी सरकारी शाळा काढल्या. शाळा निघाल्या, परंतु शिक्षक मिळेनात. सवर्ण हिंदू शिक्षक त्या मुलांना शिकविण्यास तयार नव्हते, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. पुढे आर्यसमाजाचे कार्यकर्ते या कामी आले. या मुलांसाठी वसतिगृहेही निघाली. कारण नुसती फी माफ करून भागत नाही, दूरच्या मुलाला राहण्याची व जेवणाची सोय लागते, हे महाराज जाणून होते.

१८९३ साली त्यांनी त्याहून मोठे पाऊल टाकले. अमरेली तालुक्यातील दहा गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्यात आले. मुलांसाठीच नव्हे, तर मुलींसाठीही. भारतात दुसऱ्या कोणत्याही राज्यकर्त्याने तोवर असे केले नव्हते. अमरेली हा राजधानीपासून दूरचा, मागासलेला भाग. तेथे हा प्रयोग साधला तर अन्यत्रही साधेल, असा हिशेब त्यामागे दिसतो. लोकांना सक्ती आवडली असे मुळीच नाही. मूल शाळेत बसले तर गुरे कोणी राखावी, कापणीच्या दिवसांत हाताशी कोणी यावे, धाकट्या भावंडांना कोणी सांभाळावे? जे पालक मुलांना पाठवीत नसत, त्यांना दंड होई. गरीब शेतकऱ्याला चार-आठ आण्यांचा दंडसुद्धा जड जात असे, आणि या दंडाबद्दल पुष्कळ कुरकुर झाली. ती सर्वस्वी खोटी नव्हती. तरीही महाराज मागे हटले नाहीत.

हा प्रयोग सर्व राज्यात नेण्यास मात्र तेरा वर्षे लागली. मध्यंतरी १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ पडला. गुजरातेत लोक त्याला छप्पनिया म्हणत. कारण विक्रम संवताचे ते १९५६ वे वर्ष होते. १८९१ च्या खानेसुमारीत बडोदे राज्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख भरली होती; १९०१ मध्ये ती साडेएकोणीस लाखांवर आली. उपासमार, रोगराई आणि स्थलांतर यांनी गावेच्या गावे ओस पडली. अशा वेळी शाळांचा विचार दूर ठेवावा, असे कोणत्याही खजिनदाराने सांगितले असते. १९०६ साली महाराजांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा संपूर्ण राज्याला लागू केला. पुढे १९११ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्रज सरकारच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण साऱ्या देशापुढे होते. गोखल्यांचे विधेयक नामंजूर झाले. एका संस्थानिकाला जे साधले, ते साम्राज्याला परवडेना!

पायाचे काम चालू असता वरच्या पायऱ्यांकडेही दुर्लक्ष झाले नाही. १८९० मध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन ही संस्था निघाली. चित्रकला, सुतारकाम, रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या असे विषय तेथे शिकवीत. तेथे शक्य तितके शिक्षण देशी भाषेतून देण्यावर गज्जरांचा भर होता. ज्याला इंग्रजी येत नाही, पण ज्याच्या हातात कसब आहे, अशा कारागिराच्या मुलालाही उच्च शिक्षण घेता यावे हा त्यातील हेतू. ज्यांनी पुढे १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढला, ते दादासाहेब फाळके या कलाभवनाचे विद्यार्थी होते. बडोद्याच्या महाविद्यालयातही नामांकित अध्यापक आले; १८९३ मध्ये विलायतेहून परतलेले अरविंद घोष यांनी तेथे अनेक वर्षे अध्यापन केले.

शाळा सोडल्यावर वाचलेले विसरले जाते, हा सर्वांचाच अनुभव. महाराजांनी त्यावरही उपाय शोधला. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, आणि १९१० मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यास आणविले. बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले आणि गावोगाव वाचनालये निघू लागली. त्यांची व्यवस्था चतुराईची होती: गावकऱ्यांनी काही रक्कम जमवावी, म्हणजे तितकीच प्रांतपंचायत देई आणि तितकीच सरकार. जेथे वाचनालय नव्हते, तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके पाठविली जात. पेटी एका गावाहून दुसऱ्या गावी जाई आणि तिच्यामागून वाचकांची वाट पाहणारी डोळ्यांची रांग!

या साऱ्या वाटेवरचा सर्वांत कठीण चढ म्हणजे महाविद्यालयाचा खर्च. हुशार पण गरीब विद्यार्थ्यांना महाराज शिष्यवृत्ती देत. परदेशी शिकण्यास पाठविताना ते करार करून घेत: शिकून आल्यावर ठराविक वर्षे बडोदे राज्याची नोकरी करावी. म्हणजे शिष्यवृत्ती हा दानधर्म नव्हता. राज्याला जाणते अधिकारी, अभियंते आणि शिक्षक हवे होते, आणि ते प्रजेतूनच घडवावयाचे होते.

मुंबईत भीमराव आंबेडकर नावाचा विद्यार्थी १९०७ साली मॅट्रिक झाला. महार जातीचा मुलगा ही परीक्षा उत्तीर्ण होणे, ही त्या काळी अपूर्व गोष्ट होती. पुढे पैशावाचून त्याचे शिक्षण अडले, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी त्याला महाराजांकडे नेले. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, आणि भीमराव एल्फिन्स्टन महाविद्यालयातून बी.ए. झाले. १९१३ मध्ये महाराजांनीच त्यांना तीन वर्षांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परत आल्यावर दहा वर्षे राज्याची सेवा करावी, असे ठरले होते. करार पाळण्यासाठी १९१७ साली आंबेडकर बडोद्यास आले. जगातील नामांकित विद्यापीठांत शिकून आलेल्या या विद्वानाला बडोदे शहरात राहण्यास खोली मिळेना. एका पारशी वसतिगृहात त्यांनी जात लपवून आसरा घेतला. ती कळताच लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. कचेरीत शिपाई त्यांच्याकडे कागद दुरून फेकत. थोड्याच दिवसांत ते मुंबईस परतले. शाळेचे दार राजाज्ञेने उघडता आले होते. घरांची दारे राजाज्ञेने उघडली नाहीत. ज्या राज्याने हा मनुष्य घडविण्यास मदत केली, त्या राज्याला त्याच्या विद्येचा लाभ घेता आला नाही, ही बडोद्याच्या इतिहासातील लाजिरवाणी गोष्ट होय.

एक काम अजून बाकी होते. बडोद्याचे महाविद्यालय मुंबई विद्यापीठाशी जोडलेले होते. अभ्यासक्रम मुंबईत ठरे, परीक्षा मुंबईच्या. राज्याचे स्वतःचे विद्यापीठ असावे असा विचार विसाव्या शतकाच्या आरंभीच निघाला होता. १९२६ मध्ये महाराजांनी त्यासाठी आयोग नेमला, आणि पुढील वर्षी त्याचा अहवाल आला. तथापि, विद्यापीठ निघाले नाही. अहवाल दप्तरात राहिला, वर्षे लोटली. १९३६ मध्ये महाराजांच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव झाला. त्या वेळी त्यांनी ग्रामीण व गरीब प्रजेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा विद्यापीठ कागदावरच होते.

त्यांच्यामागून त्यांचे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन होऊ लागली, आणि बडोद्याचाही दिवस ठरला: १ मे १९४९ पासून ते मुंबई राज्याचा भाग होणार होते. त्याच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिल १९४९ रोजी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. घुमटाचे जुने महाविद्यालय त्याच्या कला शाखेचे घर बनले, आणि कलाभवनातून तंत्रविद्येची शाखा उभी राहिली. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन मेहता यांची नेमणूक झाली. मुलगे व मुली एकत्र शिकत असलेल्या विद्यापीठाच्या कुलगुरुपदी भारतात तोवर एकही स्त्री बसलेली नव्हती. हंसाबेनचे स्वतःचे शिक्षण बडोद्याच्याच महाविद्यालयात झाले होते.