कै. डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस: एका लोकसेवकाचे अल्पचरित्र

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवी स्मरणिकेत संतपुरुषांची चरित्रे वाचावयास मिळावीत हे योग्यच होय. परंतु ज्यांची प्रतिमा कोणत्याही वेदीवर बसविलेली नाही, ज्यांनी धर्मगुरूचा झगा अंगावर घातला नाही, आणि तरीही गटार, गल्ली, पाणी व केरकचरा या क्षुल्लक मानल्या जाणाऱ्या गोष्टींतून ज्यांनी शेजारधर्म पाळला, अशा माणसांचेही स्मरण अशा प्रसंगी व्हावयास हवे. असे एक सद्गृहस्थ मुंबई शहरात होऊन गेले. धंद्याने ते वैद्य होते, पदाने मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे सभासद होते, व धर्माने आपल्याच ख्रिस्तसभेची लेकरे होते. त्यांचे नाव डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस. मोहन्याच्या भाविकांस त्यांची ओळख करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातील हडफडे या गावी झाला. त्या काळी गोव्यावर पोर्तुगीजांचा अंमल होता, आणि शिक्षणासाठी व पोटापाण्यासाठी गोमंतकीय ख्रिस्ती तरुण मोठ्या संख्येने मुंबईची वाट धरीत. कोणी आगबोटीवर खलाशी होई, कोणी स्वयंपाकी, कोणी वादक, कोणी कारकून. गावोगावच्या लोकांनी धोबीतलाव, कावेल व माझगाव या भागांत आपापले कूड उघडले होते, व परगावी आलेल्या माणसास तेथे निवारा मिळे. तरुण आकासियो यांनीही शिक्षणासाठी मुंबई गाठली. ग्रँट मेडिकल कॉलेजात वैद्यकाचे अध्ययन करून १८८० च्या सुमारास त्यांनी पदवी मिळविली, आणि मांडवी भागात आपला दवाखाना थाटला.

मांडवी म्हणजे काय होते हे समजल्यावाचून पुढील हकीकतीचे मर्म ध्यानी येणार नाही. हा भाग गोदीलगतचा. आगबोटीतून उतरलेले व देशावरून आलेले धान्य येथील वखारींत साठवीत. वखारीच्या माथ्यावर माणसांची वस्ती असे, आणि चारचार पाचपाच मजल्यांच्या चाळींत एकेका अंधाऱ्या खोलीत अनेक कुटुंबे राहत. दोन इमारतींच्या मध्ये जेमतेम माणूस जाईल एवढी घरगल्ली असे. शौचकूपाची घाण, न्हाणीचे पाणी व वरच्या मजल्यांवरून टाकलेला केर, सर्व काही तीत येऊन पडे. त्यातच १८९२ साली आपल्याच ठाणे जिल्ह्यातील तानसा तलावाचे पाणी मुंबईस मिळू लागले. पाणी आले ही गोष्ट उत्तम झाली. परंतु आलेले पाणी वाहून नेण्याजोगी गटारे शहरात पुरेशी झालेली नव्हती. त्यामुळे जमीन कायम ओली राही व तळमजल्यांच्या भिंती पाझरत. नळ आधी व गटार मागाहून ही चूक त्या पिढीने केली. पुढील पिढ्यांनीही ती पुष्कळ ठिकाणी केली आहे.

अशा वस्तीत ज्याला रोज जिने चढावे लागतात, त्या वैद्यास एक गोष्ट लवकर कळते. जो ताप आज औषधाने उतरविला तोच महिन्याने परत येतो, कारण त्याचे मूळ रोग्याच्या शरीरापेक्षा त्याच्या दारातील गटारात असते. डॉ. व्हिएगस १८८८ साली कॉर्पोरेशनमध्ये गेले. त्याच वर्षी मुंबईच्या नगरकारभाराचा नवा कायदा झाला. त्या कायद्यान्वये कॉर्पोरेशनचे सभासद ७२ असत. त्यांपैकी ३६ जण निरनिराळ्या वॉर्डांतील करदाते निवडून देत, व उरलेले जस्टिस ऑफ द पीस, विश्वविद्यालय, व्यापारी मंडळ आणि सरकार यांच्याकडून येत. कारभार चालविण्याची खरी सत्ता सरकारने नेमलेल्या कमिशनराकडे असे. सभासदाच्या हाती प्रश्न विचारणे, खर्चास मान्यता देणे वा न देणे, आणि जे पाहिले ते भर सभेत सांगणे एवढीच आयुधे होती. मताचा हक्क तर मुख्यतः कर भरणाऱ्यांस होता. मांडवीच्या चाळीत राहणारा हमाल किंवा मजूर मत देऊ शकत नसे. अर्थात अशा माणसाच्या गल्लीविषयी जो सभासद तोंड उघडी, त्याला त्यापासून मतांचा लाभ होण्याची आशा नव्हती.

१८९६ च्या पावसाळ्याच्या अखेरीस मांडवीत एक विलक्षण ताप सुरू झाला. माणसास एकाएकी हुडहुडी भरून ताप येई, जांघेत वा काखेत गाठ उठे, शुद्ध हरपे, व पुष्कळ रोगी थोड्याच दिवसांत दगावत. डॉ. व्हिएगस हे रोगी तपासण्यास घरोघर गेले. गाठीचा हा ताप म्हणजे प्लेग होय असे त्यांचे निदान झाले. दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग बंदरात याच रोगाने कहर केला होता, व तेथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने त्याचे जंतू शोधून काढले होते. हाँगकाँगशी मुंबईची जहाजांची ये-जा मोठी होती. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. व्हिएगस यांनी शहरात प्लेग शिरला असल्याचे जाहीर केले, व आपण दिलेली वार्ता कॉर्पोरेशनच्या स्थायी समितीपुढे मांडली.

ही वार्ता उच्चारणे म्हणजे काय याचा वाचकांनी विचार करावा. मुंबई हे व्यापाराचे शहर. प्लेगचे नाव एकदा उच्चारले गेले की परदेशची बंदरे मुंबईच्या जहाजांस अडवून धरणार, माल कुजणार, गिरण्यांतील मजूर पळणार, हे सर्वांस दिसत होते. म्हणून कागदोपत्री या तापास काही सौम्य नाव द्यावे, थोडे थांबावे, कदाचित तो आपोआप ओसरेल, अशीच पुष्कळांची वृत्ती होती. डॉ. व्हिएगस यांच्या स्वतःच्या दवाखान्याची भरभराटही त्याच व्यापारी पेठेवर अवलंबून होती. गप्प राहण्यात कोणी त्यांस दोष दिला नसता. परंतु त्यांनी रोगाचे खरे नाव सांगितले. मग निरनिराळ्या तज्ज्ञांच्या मंडळींकडून या निदानाची पारख करविण्यात आली, आणि ते खरे ठरले.

पुढे जे भय वाटत होते ते सर्व घडले. बाहेरच्या बंदरांनी मुंबईच्या जहाजांवर निर्बंध घातले. १८९१ च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी निम्म्याच्या जवळपास लोक शहर सोडून गेले होते. आपले कल्याण स्थानक त्या दिवसांत एका निराळ्याच कारणासाठी प्रसिद्धीस आले. मुंबईहून घाटाकडे जाणाऱ्या गाडीतील उतारूंस येथे उतरवून डॉक्टर तपासीत, आणि संशयित रोग्यास अडकवून ठेवीत. आज शहाड व आंबिवलीच्या गाडीसाठी आपण ज्या कल्याण स्थानकात उभे राहतो, तेथे त्या वर्षी भयभीत कुटुंबे आपापली बोचकी सांभाळीत रांगेने उभी होती.

शहरात सरकारी उपायांस प्रारंभ झाला होता. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढून रोग्यास बळाने इस्पितळात नेण्याचा अधिकार आपल्याकडे घेतला. घरातील माणूस ओढून नेणार, पुन्हा त्याचे तोंड दिसणार नाही, तेथे परक्या हातचे अन्नपाणी घ्यावे लागणार, अशा धास्तीने लोक रोगी लपवू लागले. २९ ऑक्टोबर रोजी गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला, व अखेर हुकूम सौम्य करणे भाग पडले. मार्च १८९७ मध्ये जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि घरझडत्या अधिक कडक झाल्या. पुण्यात याच झडत्यांच्या संतापातून २२ जून १८९७ रोजी रँडसाहेबावर गोळी झाडली गेली हे सर्वश्रुत आहे. लोकांच्या जिवासाठी निघालेले उपाय लोकांच्याच भावना तुडवीत गेले तर ते कसे उलटतात, याचा हा कठोर धडा होता.

डॉ. व्हिएगस यांचा मार्ग याहून भिन्न होता. ते रोग्यांच्या घरी जात राहिले, आणि त्यांत स्वतःच्या जिवास प्रत्यक्ष धोका होता. बाहेर त्यांनी वस्त्यांच्या स्वच्छतेची मोहीम नेटाने चालविली: गल्ल्या साफ व्हाव्यात, गटारे धुतली जावीत, अंधाऱ्या खोल्यांत उजेड व वारा यावा. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या कारकिर्दीत हाफकिन हे शास्त्रज्ञ मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत त्यांनी प्लेगची लस तयार केली, व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. परंतु लस तयार होणे निराळे आणि लोकांनी दंड पुढे करणे निराळे. सुईविषयी नाना अफवा पसरल्या होत्या. तेथे ओळखीच्या डॉक्टराचा शब्दच उपयोगी पडला. डॉ. व्हिएगस यांनी स्वहस्ते सुमारे १८,००० लोकांस लस टोचली असे सांगितले जाते. ज्याने वर्षानुवर्षे आपल्या जिन्याची पायरी झिजविली, त्याच्या हातून लोकांनी सुई घेतली यात नवल ते काय?

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद करणे अवश्य आहे. त्या काळी सर्वांची समजूत अशी की, घाणीच्या दुर्गंधीतूनच प्लेग उपजतो. म्हणून समुद्राचे पाणी व कार्बोलिक यांनी गटारे धुण्यावर सारा भर दिला गेला. खरे कारण पुढे उमगले. १८९८ साली सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराची येथे दाखवून दिले की, उंदराच्या अंगावरील पिसू हा रोग माणसास पोहोचविते. मांडवीच्या धान्यवखारींतून हा रोग का पसरला याचा उलगडा तेव्हा झाला. केवळ गटार धुतल्याने प्लेग हटणारा नव्हता. पण धान्य नीट साठविणे, केर वेळच्या वेळी उचलणे, घरे कोंदट न ठेवणे, यांवाचूनही तो हटणारा नव्हता. प्लेगने पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक बळी घेतले. ठिकठिकाणी आपल्या समाजाच्या वस्त्यांत त्या वर्षांत उभारलेले प्लेगचे क्रूस आजही आढळतात. देवाजवळ करुणा भाकणारे हात तेव्हा पुष्कळ होते, आणि तेच हात गल्लीतील घाण उपसण्यासही लागावेत हे डॉ. व्हिएगस यांच्या चरित्राचे सार होय.

या महामारीनंतर १८९८ साली मुंबईत सुधारणा मंडळाची, म्हणजे इम्प्रुव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाट वस्ती फोडून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले, आणि समुद्राचा वारा शहरात आत येऊ लागला. मात्र ज्यांची घरे पाडली गेली त्या गरिबांपैकी पुष्कळांस नव्या जागेचे भाडे परवडले नाही, व ते शेजारच्याच कोंदट चाळींत जाऊन दाटले. रस्ता रुंद झाला म्हणजे वस्ती सुधारली असे नव्हे, हेही तेव्हाच दिसून आले.

१९०६ साली डॉ. व्हिएगस कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. त्या पदास मेयर हे नाव १९३१ सालापासून मिळाले, तेव्हा आजच्या भाषेत ते शहराचे महापौरच होते. एतद्देशीय ख्रिस्ती गृहस्थास हा मान प्रथमच मिळाला. हडफड्याहून आलेल्या मुलाने असे पद भूषविले याचा आपल्या समाजास अभिमान वाटला असल्यास ते स्वाभाविक आहे. पण त्यांचा खरा मान त्याआधीच, मांडवीच्या अंधाऱ्या जिन्यांवर त्यांनी मिळविला होता. १९३३ साली ते परलोकवासी झाले. धोबीतलावावर, मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पूर्णाकृती पुतळा उभा आहे. कावेल येथील आरोग्यमातेचे पुरातन चर्च ज्या गल्लीत आहे, तिचे नाव डॉ. व्हिएगस स्ट्रीट. एका वैद्याचे नाव आरोग्यमातेच्या दारातील गल्लीस लाभले, याहून शोभणारे स्मारक ते कोणते!

आता या चरित्रापासून मोहन्याच्या धर्मग्रामस्थांनी काय घ्यावे? आपला गाव उल्हास नदीच्या काठी वसलेला. पूर येतो, रस्त्यास खड्डे पडतात, गटार तुंबते, नळास पाणी कमी येते. अशा वेळी नगरसेवकाकडे जाणे हा आपला हक्क आहे. परंतु जाताना केवळ आपल्या उंबरठ्यापुरते बोलू नये. ज्याचे घर सखल भागात आहे, ज्यास अर्ज लिहिता येत नाही, ज्याच्या शब्दास वजन नाही, त्याचीही तक्रार आपल्या तोंडून निघावी. आणि आपल्यापैकी कोणी पुढेमागे त्या पदावर गेला, तर जे पाहिले ते त्याने खरे नाव घेऊन सांगावे, मग त्यामुळे कोणाचा व्यापार बुडो वा कोणाची मर्जी जावो. वाटेत पडलेल्या जखमी माणसास पाहून बाजूने निघून जाणाऱ्यांची व थांबणाऱ्या शोमरोन्याची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. तुंबलेल्या गटाराजवळून नाक दाबून निघून जाणे हेही बाजूने निघून जाणेच आहे.

डॉ. व्हिएगस थांबले. त्यांच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो, आणि आपल्या गावास असे लोकसेवक देवो.