माधवराव शिंदे (ग्वाल्हेर)

माधवराव जयाजीराव शिंदे (२० ऑक्टोबर, १८७६ - ५ जून, १९२५) हे ग्वाल्हेर संस्थानाचे १८८६ ते १९२५ या काळातील अधिपती होते. उत्तर भारतात ते माधो महाराज या नावाने अधिक ओळखले जातात. प्रशासक, सैनिक, रेल्वे व पाटबंधारे यांचे प्रवर्तक आणि दिलदार यजमान अशा अनेक नात्यांनी त्यांची स्मृती टिकून आहे. भोजनानंतर पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया फिरवणारी त्यांची चांदीची आगगाडी जगप्रसिद्ध आहे. त्या मानाने त्यांच्या जहाजांचा इतिहास मराठी वाचकांना फारसा परिचित नाही. त्यांपैकी एका जहाजापासून स्वदेशी नौकानयनाचा आरंभ झाला.

घराण्याची पार्श्वभूमी

शिंदे घराण्याचे मूळ गाव कण्हेरखेड. हे गाव सातारा जिल्ह्याच्या कोरेगाव तालुक्यात आहे. रणदुल्लाखानाच्या कबरीमुळे इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक असलेले रहिमतपूरही याच तालुक्यातले. कण्हेरखेडची पाटीलकी शिंद्यांकडे होती. घराण्याचे संस्थापक राणोजी शिंदे यांच्याविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. पेशव्यांचे जोडे सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. एकदा पेशव्यांना यायला उशीर झाला, तेव्हा राणोजींना जोडे छातीशी धरूनच झोप लागली, आणि ही निष्ठा पाहून त्यांना बढती मिळाली, अशी ती कथा आहे. कथेतले खरेखोटे बाजूला ठेवले तरी घराण्याने आपला ग्रामीण उगम कधी लपवला नाही, हे खरे. दिल्लीच्या बादशाहीचा कारभार हाती आल्यावरही महादजी शिंदे स्वतःस पाटील म्हणवून घेत.

महादजींचे निधन १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे झाले. त्यानंतर दौलतरावांच्या काळात इंग्रजांशी युद्धे होऊन घराण्याचे स्वातंत्र्य संपुष्टात आले. माधवरावांचे वडील जयाजीराव १८५७ च्या उठावात इंग्रजांच्या बाजूने राहिले. पुढच्या काळात संस्थानाला २१ तोफांच्या सलामीचा मान होता. तरीही ग्वाल्हेरचा किल्ला बरीच वर्षे ब्रिटिश फौजेच्याच ताब्यात होता. झाशीच्या मोबदल्यात तो शिंद्यांना परत मिळाला तो जयाजीरावांच्या अखेरच्या दिवसांत. निष्ठेची किंमत आणि तिचा मोबदला यांचा हिशेब माधवरावांना वारशानेच मिळाला होता.

बालपण व राज्यारोहण

जयाजीरावांचा मृत्यू जून १८८६ मध्ये झाला, तेव्हा माधवराव दहा वर्षांचेही नव्हते. आठ वर्षे राज्यकारभार प्रतिनिधी मंडळाने पाहिला आणि १८९४ च्या अखेरीस त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. संस्थानाचे क्षेत्रफळ सुमारे २५ हजार चौरस मैल होते. प्रत्येक खात्याची कागदपत्रे स्वतः पाहण्याची त्यांची रीत होती. दरबारच्या धोरणांविषयी त्यांनी विस्तृत लेखनही केले.

यंत्रांचे आकर्षण त्यांना लहानपणापासून होते. १८९३ च्या सुमारास राजवाड्याच्या आवारात त्यांनी दोन फूट रुंदीचा चिमुकला लोहमार्ग टाकून घेतला. राजपुत्राची ही हौस खेळण्यापुरती राहिली नाही. याच अरुंद मापाचे लोहमार्ग १८९९ मध्ये भिंड व शिवपुरी या दिशांना सार्वजनिक वाहतुकीसाठी खुले झाले आणि पुढे श्योपूरपर्यंतचा सुमारे २०० किलोमीटरचा मार्ग तयार झाला. ग्वाल्हेर लाइट रेल्वे या नावाने तो एकविसाव्या शतकापर्यंत चालू होता.

चांदीची आगगाडी

ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा १८७४ मध्ये बांधून झाला. त्याच्या दरबार दालनातील दोन प्रचंड झुंबरे टांगण्यापूर्वी छतावर हत्ती चढवून त्याची मजबुती पाहण्यात आली, असे सांगतात. याच राजवाड्याच्या भोजनगृहात माधवरावांची चांदीची आगगाडी धावत असे. इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनच्या बॅसेट-लोक या छोट्या आगगाड्या बनवणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात १९०६ च्या सुमारास ती तयार झाली.

गाडीची रचना मोठ्या कल्पकतेची आहे. लांब मेजावर पाहुण्यांच्या समोरून जाणारे बंदिस्त वळणाचे रूळ बसवलेले असत. विजेवर चालणाऱ्या इंजिनामागे सात डबे जोडलेले असून त्यांवर शिंदे या नावाच्या इंग्रजी लेखनातील सात अक्षरे, प्रत्येक डब्यावर एक याप्रमाणे, आहेत. डब्यांत ब्रँडी, पोर्ट इत्यादी मद्यांच्या काचेच्या सुरया ठेवत. भोजनानंतरचे चिरूटही याच गाडीतून येत. आपल्या पसंतीची सुरई समोर आली की पाहुण्याने ती उचलायची. सुरईचा भार नाहीसा होताच विद्युत्प्रवाह खंडित होऊन गाडी जागीच थांबे. पेला भरून सुरई पुन्हा जागेवर ठेवली की गाडी पुढच्या पाहुण्याकडे निघे. गाडीचे नियंत्रण महाराजांच्या हाताशी असे.

ही योजना कशासाठी होती, हे समजण्यास त्या काळच्या मेजवानीचे संकेत माहीत हवेत. इंग्रजी रिवाजाप्रमाणे जेवणानंतर मेजावरचे कापड काढून पोर्टची सुरई डावीकडे सरकवत नेत. कोणी किती घ्यावी हे ज्याचे त्याने ठरवायचे, मात्र सुरई अडवून ठेवणे असभ्यपणाचे मानले जाई. मराठी दरबारात समारंभाची सांगता अत्तर-गुलाब आणि पानसुपारीने होई, आणि ती यजमानाच्या हातून किंवा त्याच्या आज्ञेने मिळे. चांदीच्या गाडीत या दोन्ही रीती एकत्र आल्या. निवड पाहुण्याची, पण गाडी चालवणारा हात यजमानाचा.

अनेक मद्ये मिसळून केलेल्या कॉकटेलची चाल तेव्हा औपचारिक राजभोजनात रुळलेली नव्हती. सातही सुरयांत मद्ये वेगवेगळी आणि अमिश्र असत. मिश्र मद्याचा प्रकार मात्र हिंदुस्थानला नवा नव्हता. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरील खलाशांनी युरोपात नेलेले पंच हे पेय मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच जिनसांचे असे, आणि त्याचे नाव आपल्या पाच या शब्दावरूनच पडले असे सामान्यतः मानले जाते.

एका शाही मेजवानीत गाडीची कळ बिघडली, ती बेफाम धावू लागली आणि मान्यवरांच्या कपड्यांवर खाद्यपेयांचा वर्षाव झाला, अशी एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून वारंवार येते. दर पुस्तकात तिचे तपशील बदलतात. ती रंजक आहे, एवढेच म्हणता येईल. गाडी सध्या जयविलास राजवाड्यातील संग्रहालयात मेजासह पाहावयास मिळते.

समुद्रप्रवास आणि जहाजे

समुद्रगमनाविषयीचे जुने निर्बंध अनेक हिंदू घराण्यांत त्या काळी पाळले जात. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी १९०२ मध्ये निघालेले जयपूरचे सवाई माधोसिंह यांनी ऑलिंपिया हे जहाज संपूर्ण भाड्याने घेऊन शुद्ध करून घेतले आणि पिण्यासाठी गंगाजलाने भरलेले चांदीचे अवाढव्य रांजण बरोबर नेले. ग्वाल्हेरचे माधवराव त्याच्या आधीच समुद्र ओलांडून आले होते. चीनमधील बॉक्सर बंडाच्या वेळी ते जनरल गॅसेली यांच्या हाताखाली अधिकारी म्हणून तेथे गेले आणि त्या मोहिमेसाठी त्यांनी स्वखर्चाने एक रुग्णालय-जहाज दिले. ते 'ग्वाल्हेर' या नावाने ओळखले गेले. जयपूरच्या चांदीत गंगाजल आणि ग्वाल्हेरच्या चांदीत ब्रँडी हा विरोध लक्षात राहण्याजोगा असला, तरी त्यावरून कोण सनातनी आणि कोण सुधारक हे ठरवणे घाईचे होईल. माधवरावांच्या घरात पडदा आणि धार्मिक आचार कसोशीने पाळले जात.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर १९१४ च्या अखेरीस माधवरावांनी इतर संस्थानिकांच्या साहाय्याने एम्प्रेस ऑफ इंडिया हे प्रवासी जहाज विकत घेतले. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेले, सुमारे ५,९०० टनांचे हे जहाज १८९१ पासून कॅनेडियन पॅसिफिक कंपनीसाठी हाँगकाँग व व्हँकूव्हर यांच्या दरम्यान चालत असे. पांढऱ्या रंगाचे हे देखणे जहाज श्रीमंत प्रवाशांच्या सुखसोयींसाठी नावाजलेले होते. त्याचे रूपांतर जखमी हिंदी सैनिकांसाठी रुग्णालयात करण्यात आले आणि त्याला 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा, असे नवे नाव देण्यात आले.

युद्ध संपल्यावर जहाज विक्रीस निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या सहकार्याने ते खरेदी केले. मार्च १९१९ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीला शिंद्यांवरूनच सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव मिळाले. ५ एप्रिल १९१९ रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनकडे निघाले, आणि स्वतः वालचंद त्यावर होते. हिंदी मालकीच्या कंपनीने ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला दिलेले हे आव्हान होते. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडून या नव्या कंपनीला जेरीस आणण्याचे पुष्कळ प्रयत्न केले. जहाज जुने झाले होते, कोळसा फार खाई आणि व्यापाराला परवडत नव्हते. १९२३ मध्ये मुंबईत ते मोडीत काढण्यात आले. कंपनी मात्र टिकली. ५ एप्रिल हा दिवस भारतात राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. राजनिष्ठा हे नाव मिरवणारे जहाज स्वदेशी चळवळीच्या इतिहासात गेले, ते त्याचे नाव बदलण्याची कोणाला गरज न वाटता.

उद्योग, पाटबंधारे व शिवस्मारक

टाटांच्या पोलाद कारखान्याला खेळत्या भांडवलाची निकड होती, तेव्हा सुमारे ४ लाख पौंडांचे सर्व कर्जरोखे माधवरावांनी एकट्याने घेतले. शेतीसाठी त्यांनी अनेक तलाव व बंधारे बांधवले. या कामाला एक मोठा डागही लागला. ग्वाल्हेरजवळ सांक नदीवर बांधलेले तिघरा धरण पायातील खडकातून पाणी झिरपल्याने १९ ऑगस्ट १९१७ रोजी फुटले आणि खालच्या भागात भीषण प्राणहानी झाली. माधवरावांच्या चरित्रपर लेखनात चांदीच्या गाडीला पाने मिळतात, आणि तिघऱ्याला क्वचित एखादी ओळ मिळते. धरण पुढे पुन्हा बांधण्यात आले.

मराठी मुलखाशी त्यांचा संबंध केवळ वंशावळीपुरता नव्हता. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी पुण्यात शिवाजी महाराजांच्या स्मारकाचे कार्य १९१७ मध्ये हाती घेतले, त्यात माधवरावांचा प्रमुख सहभाग होता. १९२१ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसली. अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण १९२८ मध्ये झाले, तेव्हा शाहू महाराज आणि माधवराव दोघेही हयात नव्हते.

शिवपुरी

उन्हाळ्यात दरबार शिवपुरीस जाई. तेथील सख्यासागर तलावाला माधवरावांच्या मातोश्री सख्याराजे यांचे नाव आहे. तलावाच्या काठावर नौकाविहारासाठी बोट क्लब बांधण्यात आला आणि जवळच्या टेकडीवर जॉर्ज कॅसल ही कोठी उभी राहिली. पंचम जॉर्ज १९११ च्या दौऱ्यात शिकारीसाठी येथे मुक्काम करतील या अपेक्षेने ती बांधली होती. वाघ वाटेतच मिळाल्याने राजे तेथे राहिलेच नाहीत, असे सांगितले जाते. एका रात्रीच्या पाहुण्यासाठी केलेली ही सिद्धता आणि न आलेला पाहुणा, हा संस्थानी आतिथ्याचा एक बोलका नमुना होय. शिवपुरीचे हे वनक्षेत्र आज माधव राष्ट्रीय उद्यान म्हणून ओळखले जाते.

कौटुंबिक जीवन व मृत्यू

माधवरावांच्या पहिल्या पत्नी चिंकूराजे यांना अपत्य नव्हते. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कन्या इंदिराराजे यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह ठरला होता. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर इंदिराराजे यांनी पत्र लिहून तो स्वतःच मोडला, आणि या घटनेची चर्चा देशभर झाली. पुढे इंदिराराजे यांनी कूचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी विवाह केला, तर माधवरावांनी गोव्याच्या राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी. त्यांच्या कमलाराजे आणि जिवाजीराव या अपत्यांच्या नावांना इंग्लंडच्या राणी-राजांवरून अनुक्रमे मेरी व जॉर्ज ही नावे जोडलेली होती.

प्रकृती बिघडल्याने माधवराव युरोपात गेले असता ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. दहनसंस्कार तेथेच झाले. जिवाजीराव अल्पवयीन असल्याने १९३६ पर्यंत राज्यकारभार पुन्हा एकदा प्रतिनिधी मंडळाकडे गेला.

शिवपुरीत मातोश्रींच्या छत्रीसमोर माधवरावांची संगमरवरी छत्री आहे. दोन्ही छत्र्यांमधील मूर्तींना रोज वस्त्रे नेसवून भोजनाचा नैवेद्य दाखवण्याची आणि संगीतसेवा करण्याची प्रथा तेथे चालत आली आहे.