लक्ष्मणराव किर्लोस्कर : ड्रॉइंग मास्तर ते कारखानदार



२० जून म्हणजे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची जयंती. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात, त्यामुळे हा दिवस बहुतेक वेळा पुस्तकवाटपाच्या गडबडीत निघून जातो. खरं तर आपल्या होटगीकरांना हे नाव परकं नाही. सोलापूरकडं जाताना होटगी रोडवर शिवशाही इथं किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखाना आहे. जुनी माणसं त्याला अजून शिवाजी वर्क्सच म्हणतात. तिथं इंजिनांचे ब्लॉक ओततात. पोरांना हा कारखाना बाहेरून माहीत असतो, पण त्या नावाचा माणूस कोण होता ते माहीत नसतं. म्हणून हा लेख.

लक्ष्मणरावांचा जन्म १८६९ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावचा. वडील वेदान्ताचे अभ्यासक. अशा घरातल्या मुलानं शिकून सरकारी नोकरी धरायची, ही त्या काळची रीत. या मुलाचं मात्र पाठांतरात मन लागेना. चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं, या दोनच गोष्टींत तो रमायचा. असं मूल आपल्या प्रत्येकाच्या वर्गात एखादं तरी असतं आणि प्रगतिपुस्तकात त्याच्यापुढं काय शेरा लिहायचा हा आपल्याला प्रश्न पडतो. वडिलांचा विरोध होता, पण थोरले भाऊ रामुअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला.

दोन वर्षांनी एक वेगळीच अडचण पुढं आली. त्याला काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला निघालेल्या मुलाच्या दृष्टीनं हा केवढा मोठा धक्का असेल याचा विचार करा. रंगकाम सोडावं लागलं, पण रेघ सुटली नाही. यांत्रिक रेखाचित्रात, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंगमध्ये, रंग लागतच नाही. तिथं लागतं माप, कोन आणि स्वच्छ रेघ. त्यात त्यानं एवढं प्रावीण्य मिळवलं की मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायची नोकरी लागली. म्हणजे लक्ष्मणराव आधी आपल्यातलेच, मास्तर! कारखानदार ते नंतर झाले.

नोकरी चालू असतानाच १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली घेऊन पाठवायच्या आणि रामुअण्णांनी त्या विकायच्या, शिवाय लोकांना चालवायलाही शिकवायचं. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे. पुढं व्हीजेटीआयमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि सरळ बेळगाव गाठलं.

सायकलीच्या दुकानातून ते शेतीच्या अवजारांकडं वळले. आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. शेतकरी नांगर घ्यायलाच तयार होईना. लोखंडानं जमिनीत विष उतरतं, अशी समजूत होती. पहिले नांगर विकले जायला दोन वर्षं लागली. आपण याला अडाणीपणा म्हणून हसून सोडून देतो, ते मला पटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूनं जरा बघा. लाकडी नांगर गावातला सुतार आणि लोहार मिळून करायचे. काही मोडलं की संध्याकाळपर्यंत दुरुस्त व्हायचं. प्रत्येक नांगर थोडा वेगळा असायचा, पण त्यानं काही अडत नव्हतं, कारण करणारा गावातच होता. कारखान्यातला नांगर लांबून येणार. त्याचा फाळ झिजणार, कारण झिजणं हेच फाळाचं काम. मग नवा फाळ मागवला आणि त्याची भोकं जुन्या नांगराच्या भोकांशी जुळलीच नाहीत तर? पेरणी कुणासाठी थांबत नाही.

इथं लक्ष्मणरावांच्या धंद्याची खरी परीक्षा होती. एक नांगर चांगला करणं ही कारागिरी. पण शंभरावा नांगर पहिल्यासारखाच निघाला पाहिजे, आणि दोन वर्षांनी पाठवलेला फाळ पहिल्यालाही बसला पाहिजे, हे काम नुसत्या हुशार हातावर सोडता येत नाही. त्याला आधी कागदावर नेमकं चित्र लागतं. चित्रावरून लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न. तो वाळूत दाबून साचा करायचा आणि त्यात वितळलेलं बीड ओतायचं. गार होताना बीड आक्रसतं, म्हणून नमुना फुटाला सुमारे एक सूत मोठाच करावा लागतो. हे गणित ड्रॉइंग मास्तरला कळणारच. आणि भोकं पाडायची वेळ आली की लागतं ते जिग.

जिग म्हणजे काय, हे मुलांना सांगायला मला गाडीच्या चासीचं उदाहरण सगळ्यांत सोपं वाटतं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतली मुलं ‘बाहा’ स्पर्धेसाठी स्वतः लहान गाडी बनवतात. लोखंडी नळ्या जोडून चासी करतात आणि तिच्यावर सस्पेन्शनचे ब्रॅकेट वेल्डिंगनं बसवतात. ब्रॅकेट म्हणजे भोक असलेली छोटी पट्टी. चाक धरणारा दांडा तिच्यात बोल्टनं अडकतो आणि खड्डा आला की वरखाली हलतो. एका दांड्याला पुढं-मागं दोन ठिकाणी ब्रॅकेट लागतात आणि त्यांची भोकं एका सरळ रेषेत यायलाच हवीत. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी दांडा अडकतो, चाक कलतं आणि टायर एकाच बाजूनं झिजतो. डावं-उजवं सारखं नसेल तर गाडी एका बाजूला ओढते.

टेपनं मापून खडूची खूण करायची आणि वेल्डिंग करायचं, एवढ्यावर का भागत नाही? कारण वेल्डिंगच्या उष्णतेनं लोखंड खेचलं जातं. जिथं धरलं होतं तिथं ते राहत नाही. म्हणून आधी सपाट टेबलावर चासीची मधली रेघ आखतात आणि तिच्यापासून मोजून जाड पट्ट्यांचा एक सांगाडा पक्का बसवतात. त्यात जिथं ब्रॅकेटचं भोक यायला पाहिजे नेमकी तिथंच खीळ असते. ब्रॅकेट त्या खिळीत अडकवायचा, मग चासीला टेकवायचा. आधी नुसते टाके मारायचे, पुन्हा माप बघायचं, आणि मग थोडं या बाजूला थोडं त्या बाजूला असं पूर्ण वेल्डिंग करायचं. गार होईपर्यंत खीळ काढायची नाही. हा सांगाडा म्हणजे जिग. तो गाडीत कुठंच जात नाही, पण माप त्याच्यात साठवलेलं असतं. पोरं म्हणतात एकच तर गाडी करायचीय, जिगला एवढा वेळ कशाला? पण एका गाडीलासुद्धा डावी आणि उजवी बाजू असतेच की.

तर पुन्हा लक्ष्मणरावांकडं. कारखाना जरा रुळत होता तेवढ्यात बेळगाव नगरपालिकेनं वस्ती वाढवायला ती जागा घेतली. सगळं उचलून जायचं कुठं? औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. कुंडल रोड या लहानशा स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्ज त्यांनी दिलं. जमीन म्हणजे निवडुंगाचं रान आणि साप. १० मार्च १९१० हा तिथल्या सुरुवातीचा दिवस. त्या रानात कारखाना, घरं असं गाव उभं राहिलं. देशातल्या अगदी सुरुवातीच्या औद्योगिक वसाहतींत त्याचं नाव घेतात. पुढं स्टेशनाचं नावच किर्लोस्करवाडी झालं. आज हे गाव सांगली जिल्ह्यात येतं.

गाव वसवताना लक्ष्मणरावांनी दोन गोष्टी केल्या, त्या वर्गात आवर्जून सांगाव्यात. तिथं अस्पृश्यता पाळायला बंदी होती. आणि रात्रीच्या पहाऱ्याला त्यांनी तुरुंगातून सुटून आलेली माणसं नेमली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे करणं सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा परदेशातून येईना. नांगर कशाचे ओतायचे? तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या, निकामी तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. तोफेचा नांगर हे मुलांना फार आवडतं, चित्र काढायला सांगून बघा.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. ऊस गाळायचे चरक, पंप, पुढं इंजिनं असं काम वाढत गेलं. मुलगा शंतनुराव १९०३ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मला. अमेरिकेतल्या एमआयटीत इंजिनिअरिंग शिकून त्यानं धंदा कितीतरी पटीनं वाढवला. त्याच्याविषयी स्वतंत्र लेखच लागेल. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं.

आता वर्गात घेण्यासारखा एक उपक्रम. तिसरी-चौथीला चालतो. पुठ्ठ्याच्या सारख्या मापाच्या दहा पट्ट्या कापून द्या. पाच पट्ट्यांवर मुलांनी पट्टीनं मोजून दोन-दोन भोकं पाडायची. उरलेल्या पाचांसाठी आधी जाड पुठ्ठ्याचा एकच नमुना करायचा, त्यात दोन भोकं पाडायची आणि तो प्रत्येक पट्टीवर कडेला कड जुळवून ठेवून त्याच भोकांतून पेन्सिलीनं खूण करायची. मग दोन्ही गठ्ठे वेगवेगळे धरून दोन खिळे आरपार जातात का बघायचं. मोजून पाडलेल्या गठ्ठ्यात खिळे बहुतेक वेळा अडतात. ते का अडले यावर मुलांना बोलू द्या, आपण लगेच उत्तर देऊ नका. भोकं पाडायला कर्कटक नको, जाड दाभण घ्या, आणि ते काम लहान मुलांसाठी आपणच करायचं.