राजा सर टी. माधवराव : कुंभकोणमचा शिक्षक, तीन संस्थानांचा दिवाण

साक्कोट्टै (कुंभकोणम, तमिळनाडू) : कावेरीच्या खोऱ्यातील कुंभकोणम शहराच्या दक्षिणेस, भातशेतांच्या परिसरात साक्कोट्टै हे गाव आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हा सारा मुलूख तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात मोडत असे. राजसेवेच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेल्या देशस्थ घराण्यांनी तमिळ प्रदेशात राहूनही घरातली मराठी टिकवली. याच परंपरेत २० नोव्हेंबर १८२८ रोजी कुंभकोणम येथे तंजावर माधवराव यांचा जन्म झाला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचे दिवाण म्हणून त्यांची कीर्ती आहे. मात्र त्यांच्या कारकिर्दीची सुरुवात शिक्षक म्हणून झाली आणि अखेरच्या वर्षांतही मुलांचे शिक्षण हाच त्यांच्या चिंतनाचा विषय होता.

माधवरावांचे वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरचे दिवाणपद भूषविले होते. राज्यकारभार त्यांच्या घरातच होता. परंतु त्यांच्या विचारांना वळण लागले ते मद्रासच्या सरकारी हायस्कुलात. तेथील प्रमुख एअर बर्टन पॉवेल यांनी त्यांना गणित आणि खगोलशास्त्राची गोडी लावली. बाजारातून भिंगे आणून आणि बांबूच्या नळ्या वापरून विद्यार्थिदशेतील माधवरावांनी दुर्बिणी व सूक्ष्मदर्शक तयार केल्याचे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुस्तकात वाचलेले हाताने करून पाहिल्यावाचून कळत नाही, ही जाण त्यांना अशी विशीच्या आतच आली. १८४६ मध्ये उच्च श्रेणीत शिक्षण पूर्ण झाल्यावर त्यांनी काही काळ त्याच संस्थेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकविले. त्यानंतर मद्रासच्या महालेखापाल कार्यालयात त्यांनी नोकरी केली.

१८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजकुमारांचे शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पुढे गादीवर आलेले विशाखम तिरुनाळ रामवर्मा हे त्यांचे विद्यार्थी. चार वर्षे अध्यापन केल्यानंतर ते संस्थानच्या महसूल खात्यात गेले आणि वयाच्या अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी, १८५७ मध्ये, त्यांच्याकडे दिवाणपदाची सूत्रे आली.

त्या वेळी संस्थानावर कर्जाचा बोजा होता आणि नोकरांचे पगार थकले होते. माधवरावांनी हिशेबाला शिस्त लावली, काही वर्षांत कर्ज फेडले, व्यापाराला जाचक ठरणारे मक्ते टप्प्याटप्प्याने बंद केले आणि १८६५ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थान व कोचीन यांच्याशी मुक्त व्यापाराचा करार घडवून आणला. त्याच वर्षी सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकी हक्क देणारा जाहीरनामा निघाला. रस्ते आणि कालवे यांवरील खर्च वाढला. १८६६ मध्ये तिरुवनंतपुरमच्या इंग्रजी शाळेला महाविद्यालयाचा दर्जा मिळाला. त्याच दशकात मल्याळम शाळांचा विस्तार सुरू झाला आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके तयार करण्याकरिता समिती नेमण्यात आली. सरकारने त्यांना १८६६ मध्ये ‘सर’ हा किताब दिला.

या उजळ कारकिर्दीला एक काळी किनारही आहे. नाडर समाजातील स्त्रियांनी अंगावर वस्त्र कसे घ्यावे, यावरून १८५८-५९ मध्ये दक्षिण त्रावणकोरात दंगली उसळल्या. जुन्या रूढीला धक्का लावण्यास संस्थानचे सरकार आरंभी तयार नव्हते. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांचा दबाव आल्यानंतर जुलै १८५९ मध्ये जाहीरनामा काढून या स्त्रियांना अंग झाकण्याची मुभा देण्यात आली. मात्र उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र घेण्यास मनाई कायम राहिली. जमाखर्चाच्या प्रश्नात कोणतीही जुनी प्रथा तपासून पाहणारा हा प्रशासक जातीच्या प्रश्नापुढे मात्र थबकला. पुढे ब्रिटिश संसदेच्या अर्थविषयक समितीपुढे साक्ष देण्यासाठी लंडनला येण्याचे निमंत्रणही त्यांनी धार्मिक कारणास्तव नाकारले.

महाराजांशी मतभेद झाल्यामुळे १८७२ मध्ये त्यांनी त्रावणकोर सोडले. १८७३ पासून सुमारे दोन वर्षे ते तुकोजीराव होळकरांच्या इंदूर संस्थानात दिवाण होते. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत करण्यात आल्यानंतर बडोद्याचा विस्कटलेला कारभार सावरण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्याच वर्षी महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या गोपाळराव या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तोवर शाळेशी संबंध न आलेला हा शेतकरी कुटुंबातील मुलगा सयाजीराव म्हणून गादीवर बसला. नियमित अध्यापनासाठी एफ. ए. एच. इलियट यांची नेमणूक झाली. राज्य कसे चालवावे याचे धडे मात्र माधवरावांनी स्वतः दिले.

१८८१ मध्ये, राज्याधिकार हाती येण्यापूर्वीच्या महिन्यांत, त्यांनी तरुण महाराजांसमोर व्याख्यानांची मालिका गुंफली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती छापली गेली. राजाने खासगी खर्चाला मर्यादा घालावी, न्यायाधीशांच्या कामात हात घालू नये, खुशमस्कऱ्यांना दूर ठेवावे, सल्लागार पारखून निवडावेत आणि प्रजेचे सुख हीच राज्यकारभाराची कसोटी मानावी, असा त्या व्याख्यानांचा आशय होता. त्यांत तात्त्विक चर्चा थोडी आणि अनुभवाचे दाखले भरपूर होते. कोणता निर्णय घेतला असता काय परिणाम होतो, हे विद्यार्थ्याला विचारात घ्यायला लावणे ही माधवरावांची पद्धत होती. याच काळात, १८८१ मध्ये, बडोदा कॉलेजही सुरू झाले.

राज्याधिकार मिळताच शिष्याने स्वतःच्या बुद्धीने कारभार पाहण्यास सुरुवात केली. दोघांत मतभेद झाले आणि १८८२ मध्ये माधवरावांनी बडोदा सोडले. परंतु शिक्षणावर केलेला खर्च वाया जात नाही, ही खूणगाठ सयाजीरावांनी बांधली ती कायमची. १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलेले सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात लागू केले.

निवृत्तीनंतर माधवराव मद्रासच्या मैलापूर भागात राहिले. हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे ते चाहते होते. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. वृत्तपत्रांतून टोपणनावाने ते समाजसुधारणेवर लिहीत. १८८९ मध्ये ‘नेटिव्ह थिंकर’ या नावाने त्यांनी देशी मुलांच्या शिक्षण-संगोपनावर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. तिचे देशी भाषांत अनुवाद झाले. मुलांसाठी त्यांनी मराठीत छोट्या कविताही रचल्या. तीन संस्थानांचा कारभार इंग्रजीत हाकलेला हा माणूस मुलांशी बोलताना घरच्या भाषेकडे वळला. ४ एप्रिल १८९१ रोजी त्यांचे निधन झाले. तिरुवनंतपुरममध्ये सचिवालयासमोर त्यांचा पुतळा उभा आहे आणि तो परिसर आजही ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखला जातो.

माधवराव गेले तेव्हा अमेरिकेत जॉन ड्यूई हे तरुण प्राध्यापक नव्या शिक्षणविचाराची मांडणी करू लागले होते. कल्पनेची पारख तिच्या परिणामांवरून करावी आणि मुलांनी प्रत्यक्ष कृतीतून शिकावे, हा त्यांच्या व्यवहारवादी तत्त्वज्ञानाचा गाभा होता. १८९६ मध्ये शिकागो येथे त्यांनी प्रयोगशाळा म्हणून शाळा काढली आणि १९१६ मध्ये लोकशाही व शिक्षण यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माधवरावांनी असे तत्त्वज्ञान रचले नाही. तरीही त्यांच्या शिष्याने केलेल्या एका खर्चामुळे कुंभकोणमच्या या शिक्षकाचा धागा ड्यूईंच्या वर्गापर्यंत पोहोचला.

१९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि तेथे त्यांना ड्यूईंचे अध्यापन लाभले. लोकशाही ही केवळ शासनपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे, हा विचार आंबेडकरांच्या लेखनात पुढे वारंवार दिसतो. मात्र १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास परतले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना राहायला घर मिळाले नाही. शिकायला परदेशी पाठविणाऱ्या संस्थानच्या राजधानीत त्यांना निवारा मिळू शकला नाही.

माधवराव १८५९ मध्ये ज्या प्रश्नापुढे थबकले होते, तोच हा प्रश्न होता. चांगला राजा घडविणारे शिक्षण त्यांनी दिले. त्या राजाने शाळेचे दार सर्वांसाठी उघडले. आणि त्या दारातून आत आलेल्या विद्यार्थ्याने समाजाचीच परीक्षा घेतली. आंबेडकरांना मानद पदवी देण्यासाठी कोलंबिया विद्यापीठाने जून १९५२ मध्ये निमंत्रित केले. त्या समारंभाच्या चार दिवस आधी, १ जून रोजी, ड्यूईंचे निधन झाले आणि गुरुशिष्यांची भेट राहून गेली. तोपर्यंत अस्पृश्यता नष्ट झाल्याचे घोषित करणारी भारताची राज्यघटना लागू होऊन दोन वर्षे उलटली होती आणि तिच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले तेच विद्यार्थी.