घर गहाण ठेवून सिनेमा करणारा जॉन

घर गहाण ठेवणं म्हणजे काय, हे आपल्या भिवापुरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पेरणीसाठी, पोरीच्या लग्नासाठी, दवाखान्यासाठी माणसं कागदावर सही करतात. पण सिनेमासाठी? न्यूयॉर्कच्या जॉन कॅसाव्हेटीसने तेही केलं.

जन्म 1929 चा, आई-वडील ग्रीक. नट म्हणून त्याचं नाव होतं. ‘द डर्टी डझन’साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, ‘रोझमेरीज बेबी’मधला नवराही तोच. पण अभिनयातून आलेला पैसा तो स्वतःच्या सिनेमात ओतायचा. पहिल्या ‘शॅडोज’च्या वेळी तर त्याने रेडिओवरून लोकांकडे पैसे मागितले आणि लोकांनी सुमारे 2 हजार डॉलर पाठवलेसुद्धा! (आपण आता याला क्राउडफंडिंग म्हणतो.) 1974 च्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’ला स्टुडिओ मिळेना, तेव्हा घर गहाण पडलं. वितरक मिळेना, तर पठ्ठ्या स्वतःच थिएटरवाल्यांना फोन करत बसला. पुढे त्याच सिनेमाने त्याला आणि नायिकेला, म्हणजे त्याची बायको जीना रोलंड्सला, ऑस्करची नामांकनं मिळवून दिली.

गंमत म्हणजे क्राइम सिनेमाचे चाहते त्याला ओळखतात ते ‘ग्लोरिया’मुळे, आणि ती पटकथा त्याने निव्वळ विकायला लिहिली होती! कोलंबिया स्टुडिओने ती घेतली, जीना नायिका ठरली आणि दिग्दर्शन त्याच्याच गळ्यात पडलं. माफियाचा हिशेबनीस टोळीशी दगा करतो, त्याचं अख्खं कुटुंब मारलं जातं. उरतो सहा वर्षांचा फिल, बरोबर टोळीला हवी असलेली वही. तो येतो शेजारच्या ग्लोरियाच्या पदरात, आणि तिला मुलं अजिबात आवडत नाहीत. वर मारेकरी तिच्याच जुन्या ओळखीचे. पोराला त्यांच्या हवाली केलं की ती मोकळी. तेवढ्यात रस्त्यात त्यांची गाडी येऊन थांबते आणि ती पर्समधून पिस्तूल काढते. तो सीन एकदा बघाच. उंच टाचांच्या सँडल घालून ती पळतेय, आणि पोरगं मात्र आपणच घरातला कर्ता पुरुष असल्याच्या थाटात!

1980 मध्ये व्हेनिसला ‘ग्लोरिया’ला गोल्डन लायन मिळाला, ‘अटलांटिक सिटी’सोबत विभागून. जॉनला स्वतःला हा सिनेमा फारसा मोलाचा वाटला नाही. मला वाटतं, इथे तो चुकला. 1994 चा ‘लिऑन’ पाहिलेल्यांना हे पटेल.

दारूने लिव्हर खाल्लं. 3 फेब्रुवारी 1989 ला, 59 व्या वर्षी तो गेला. मागे कधीच शूट न झालेल्या चाळीसहून जास्त पटकथा राहिल्या.