पै-पैची बँक

बी. कॉम.च्या वर्गात मी ‘तारण’ हा शब्द शिकले आणि मनात प्रश्न उभा राहिला : ज्याच्यापाशी तारण ठेवायला काहीच नाही, त्याने भांडवल कुठून आणायचे? उत्तर मला मॅगी लीना वॉकर या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्रीच्या चरित्रात सापडले.

व्हर्जिनियातील रिचमंड हे तिचे गाव. आई पूर्वी गुलाम होती. सावत्र वडील वारल्यावर आई लोकांचे कपडे धुऊ लागली. लहानगी मॅगी धुतलेल्या कपड्यांची ओझी गोऱ्यांच्या घरी पोचवी. पुढे ती शिक्षिका झाली, पण १८८६ मध्ये लग्न झाले आणि नोकरी सुटली.

१८९९ मध्ये वॉकरबाईंनी सेंट ल्यूक या परस्परसाहाय्य मंडळाची सूत्रे हाती घेतली, तेव्हा ते कर्जात बुडाले होते. त्यांनी ते सावरले आणि १९०३ मध्ये सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक काढली. अमेरिकेत बँक स्थापणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. धोबिणी-मोलकरणींची नाणी तिथे साठली आणि त्यांतूनच त्यांच्या लोकांना कर्जे मिळू लागली.

१९०५ मध्ये काढलेले मंडळाचे दुकान गोऱ्या व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे काही वर्षांतच बंद पडले. बँक मात्र महामंदीत इतर कृष्णवर्णीय बँकांशी विलीन होऊन तगली. १९३४ मध्ये बाई वारल्या.

त्या धोबिणींपाशी तारण नव्हते कसे म्हणू? एकमेकींवरचा विश्वास होता. आमच्या पुस्तकातल्या व्याख्येत तेवढाच राहून गेला आहे.